दाखल-खारिजच्या रकान्यांत मराठवाडा

[दृश्य: जिल्हा परिषद शाळेचं कार्यालय. लोखंडी कपाट, कापडी रुमालात बांधलेली जुनी रजिस्टरं.]

कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या शाळांची जुनी कपाटं उघडली. दाखल-खारिज रजिस्टर, म्हणजे मूल शाळेत कधी आलं आणि कधी गेलं याची नोंदवही, काय असतं, ते गावोगाव ठाऊक झालं. पणजोबांचं नाव सापडलं की माणसं त्या ओळीचा फोटो काढत, नक्कल मागत. ते रास्तच होतं. पण त्या ओळीच्या वरखाली गावातली बाकीची मुलंही आहेत. आपल्या भागात शिक्षण कुणापर्यंत कधी पोचलं आणि कुणाच्या हातून कधी सुटलं, हे सांगणारा इतका जवळचा कागद दुसरा नाही. घरच्यांनी ओळ वाचली. संशोधकाने रकाना वाचायला हवा.

[दृश्य: उघडं पान. कॅमेरा जन्मतारखेच्या रकान्यावर. नावं झाकलेली.]

१ जून. खाली १ जून. त्याखाली पुन्हा १ जून. घरी जन्माची नोंद नव्हती, म्हणून गुरुजींनी मुलाकडे पाहून वय ठरवलं आणि शाळेच्या हिशेबाने सोयीची तारीख टाकली. या तारखांवरून मुलांची वयं काढू नयेत. पण अशा ओळी कोणत्या सालापासून विरळ होत गेल्या, हे वर्षवार मोजलं, तर जन्मनोंदीची सवय गावात कधी रुजली याचा अंदाज येतो.

आता शाळा सोडल्याचं कारण. ‘सतत गैरहजर.’ दोन शब्दांत एका मुलीचं शिक्षण संपलेलं असतं. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या गावात हा शेरा दिवाळीच्या आगेमागे, टोळ्या कारखान्याला निघतात तेव्हाच वाढतो का? तारखा लावून पाहता येतं. १९७२ च्या दुष्काळात मुली जास्त गळाल्या की मुलगे, हेही याच रकान्याला विचारायचं.

[दृश्य: उर्दू अक्षरातली नोंद.]

निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले आणि साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचं असे. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. वर्ष आजूर महिन्यापासून सुरू होतं. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून ५९१. हा एकाचा फरक विसरला, तर १७ सप्टेंबर १९४८ च्या, म्हणजे निजामाची राजवट संपली त्या दिवसाच्या, आधीचं आणि नंतरचं सगळं एकमेकांत मिसळतं. उर्दू वाचणारा जाणकार सोबत हवाच.

[दृश्य: नागसेनवन, मिलिंद महाविद्यालयाचा परिसर.]

महाविद्यालयात आलं की माग दोन गावांत विभागतो. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्याआधी इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद. तिथे शिकलेल्या पहिल्या पिढीचा प्रवेश नागसेनवनात शोधायचा आणि परीक्षेचा निकाल उस्मानियाच्या दप्तरात. कुणाच्या घरात ही पहिलीच पदवी होती, ते या दोन कागदांची गाठ पडल्याशिवाय पुरतं उमगत नाही.

काही माग तर आणखी लांब जातात. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानियाने विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. हैदराबादच्या नोंदीत नाव थांबलं म्हणून त्या मुलाने शिक्षण सोडलं असं लिहिणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आधी नागपूरच्या याद्या पाहाव्यात.

[दृश्य: कुलसचिव कार्यालयाची पाटी, अर्जावर सही.]

विद्यापीठातल्या नोंदींसाठी कुलसचिवांच्या नावे अर्ज करायचा, शाळेत मुख्याध्यापकांकडे. कोणता काळ, कोणती रजिस्टरं, कशासाठी, हे स्पष्ट लिहायचं. निजामकालीन सरकारी कागदांसाठी छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार आणि हैदराबादेत तारनाक्याचं राज्य अभिलेखागार आहे. या पानांवर जात, गुण, वर्तणुकीचे शेरे आहेत आणि त्यातली कितीतरी माणसं आज हयात आहेत. म्हणून टिपणवहीत नावाऐवजी क्रमांक लिहायचा आणि क्रमांकांची यादी वेगळी, कुलपात ठेवायची. या फिल्ममध्ये दिसणाऱ्या पानांवरची नावंही आम्ही त्याच कारणाने झाकली आहेत.