गालिच्याखालचं अस्तर

(दृश्य : गावच्या मंदिराचा सभामंडप, भर दुपार. गालिच्याची कड हळूच उचलली जाते.)

गालिचा उचलला की खाली ही भुकटी सापडते. चिमटीत घेतली तर कणकेसारखी मऊ. सगळे हिला धूळ समजून झाडून टाकतात. धूळ त्यात आहेच. पण गालिच्याच्या पाठीचं वाळलेलं लॅटेक्स, म्हणजे रबरी चिकटा, आणि त्यात मिसळलेली खडूची पूडही आहे. बाजारातल्या बऱ्याचशा मशीनच्या गालिच्यांचे धागे या लॅटेक्सनेच धरून ठेवलेले असतात. माणूस चालला की पाठ वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. फरशीच्या वर आलेल्या सांध्यावर तर रोज एकाच रेषेत मोडते. वरची लव अजून चांगली दिसत असते आणि गालिचा खालून सुटायला लागलेला असतो.

ही मोड कमी व्हावी म्हणून त्याच्याखाली घालायच्या थराला दुकानदार अंडरले म्हणतो, आपण अस्तर म्हणू. १२ बाय १८ फुटांच्या गालिच्यासाठी ते साधारण ३ बाय ६ फुटांच्या १२ पट्ट्यांत करायचं आहे : वर-खाली बारदाना, म्हणजे पोत्याचं कापड, आणि मधे जुन्या गाद्यांचा कापूस.

(दृश्य : उघडी शहाबादी फरशी. तिच्यावर आडवी ठेवलेली ॲल्युमिनियमची पट्टी.)

आधी फरशी. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरमाची भर नीट नसेल तर फरशी तिच्यासोबत हलते, एखादी लादी कडेने वर येते. ६ फुटांची पट्टी ठेवून बघा. खालून ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर वर आलेली कड घासायची किंवा लादी काढून पुन्हा बसवायची. अस्तर जाड केलं की उंचसखल झाकलं जाईल, हा हिशेब चुकतो. झाकलं जातं, पण पायाखाली येतंच.

मग ओल. दीड फूट चौकोनी प्लास्टिक फरशीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि पूर्ण एक दिवस तसंच ठेवायचं. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा फरशी काळपट पडलेली दिसली, तर पाणी खालून चढतंय. अशा फरशीवर आधी २०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा, जोडावर अर्धा फूट एकावर एक चढवा आणि चिकटपट्टी लावा. ही परीक्षा मे महिन्यात केली तर फरशी हमखास पास होते. श्रावणात करा.

सारवलेल्या जमिनीवर मात्र कायमचं अस्तर घालूच नये. खाली बुरशी धरते, वाळवीला आयती सावली मिळते. तिथे कार्यक्रमापुरतं अंथरावं आणि गुंडाळून ठेवावं.

(दृश्य : अंगणात पोत्यांचा ढीग. एक पोतं उसवलं जातंय.)

बारदाना तागाचाच हवा. ५० किलोचं पोतं उसवलं की साधारण ३ फूट १ इंच रुंद आणि पावणेचार फूट लांब कापड हाती येतं. एका पट्ट्याला वर दोन, खाली दोन, अशी ४ पोती. पट्टे १२, म्हणजे पोती ४८. तुरीची, गव्हाची चालतात, फक्त धान्यातले किडे आणि त्यांची अंडी असतात म्हणून उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायची. युरियाची बॅग फुकट मिळते, पण ती प्लास्टिकची, घसरते. शिवाय उरलेला युरिया हवेतलं पाणी ओढतो. मिठाच्या पोत्याचंही तेच.

कापूस नवा, लांब धाग्याचा आणू नका. सूत काढायची रुई इथे वाया जाते. जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून घेतला की पुरतो, मात्र चिमूट ओढून बघायची. दोन्ही हातांत थोडे तरी धागे आले तर ठीक. नुसताच भुगा सुटला तर तो कापूस संपलेला आहे, त्याची ढेकळंच होतील. पिंजताना धूळ आणि सरकीची फोलं निघून वजन घटतं, म्हणून २१ किलो लागत असेल तर २५ किलो द्यावा.

आता मुख्य गोष्ट, वजन. एका पट्ट्यात पावणेदोन किलो. ३ बाय ६ च्या चार इंची गादीत १०-१२ किलो कापूस बसतो, त्यामुळे गादीवाल्याला हे फारच कमी वाटतं आणि तो प्रेमाने मूठभर जास्त घालतो. तिथेच बिघडतं. अस्तर दाबल्यावर सेंटिमीटरभर राहायला हवं, फार तर सव्वा. त्याहून जाड आणि मऊ झालं की टाच आत रुतते, गालिच्याची पाठ जास्त वाकते, आणि जे लॅटेक्स वाचवायचं होतं तेच लवकर फुटतं. पंगतीला, बैठकीला प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या की त्यांचे पायही कलतात. बसायला मऊ हवं असेल तर वरून वेगळी गादी घ्या.

(दृश्य : जवळून. तराजूत कापूस, मग बारदान्यावर पसरणारे हात.)

कापूस तीन थरांत पसरायचा, दर थर मोजून, ५८०-५८५ ग्रॅमचा. पहिला लांबीत, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा लांबीत. एकाच थरात ओतला तर मधे उंचवटा राहतो आणि कडा रिकाम्या. प्रत्येक थर वेळूच्या छडीने हलका झोडायचा. छडी जिथे धप्प वाजते तिथे कापूस जास्त, जिथे टक्क वाजते तिथे खालची जमीन लागतेय. हा फरक ऐकू यायला दोन-तीन पट्टे जावे लागतात.

बारदान्याचे जोड एकावर एक येऊ देऊ नका. खालच्या कापडाचा जोड डोक्याकडून पावणेचार फुटांवर ठेवला, तर वरच्या कापडाचा पायथ्याकडून पावणेचार फुटांवर ठेवायचा. नाहीतर चार पदरांची वळी तयार होते आणि ती गालिच्यावर महिन्याभरात दिसते.

(दृश्य : दाभण, दोरा, धावदोऱ्याची ओळ.)

शिवण दाभणीने, धावदोऱ्याची. टाका इंचभर, दोन ओळींत तीन इंच. आधी लांबीत सगळ्या ओळी, मग आडव्या, प्रत्येकी फुटाच्या अंतराने. आडव्या ओळी घातल्या नाहीत तर कापूस दोन ओळींच्या मधून सरकत कडेला जाऊन बसतो. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा ओलीत कुजतो. डाळमिलमध्ये पोती शिवायचं हातमशीन असतं, त्याने काम झटपट उरकायचा मोह होतो. त्या मशीनची शिवण एकेरी साखळीची, पोतं एका ओढीत उसवावं म्हणूनच केलेली. अस्तरात एक टाका तुटला की अख्खी ओळ सुटते.

कड दुमडू नये. दुमडली की चार पदर होतात. सरळ कापून तिच्यावर जुन्या धोतराची दोन बोटं रुंद पट्टी चढवून शिवावी. शिवल्यावर पट्टा आकसतो. २ फूट ११ इंच बाय ५ फूट ११ इंच राहिला तर बरोबर. म्हणूनच बारदाना लांबीला सव्वासहा फूट कापायचा.

भरणी उन्हाळ्यातच आटपा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, दोन दिवस वाळवलेला कापूस आणि आषाढात भरलेला कापूस, दोन्ही वजनकाट्यावर सारखेच दिसतात. पण दुसऱ्यात पाणीही मोजलेलं असतं, आणि ते आत कोंडून राहतं. कुबट वास तिथूनच येतो. आत कडुनिंबाचा पाला भरायची पद्धत आहे, पण त्याचा चुरा होतो आणि काड्या बोचतात. पाला खाली, फरशीवर टाका, दरवर्षी बदला. शेतातलं कीटकनाशक गालिच्याखाली कधीही नको. त्यावर लेकरं लोळतात.

(दृश्य : मोकळ्या फरशीवर पट्टे मांडले जातायत.)

मांडणी विटांच्या बांधकामासारखी. एका ओळीत तीन पूर्ण पट्टे, तिच्या शेजारच्या ओळीत दोन पूर्ण आणि दोन टोकांना दोन अर्धे. म्हणजे १० पूर्ण आणि ४ अर्धे. १२ पट्ट्यांचाच माल. चारी बाजूंना गालिचा दीड-दोन इंच बाहेर राहतो आणि त्याची कड फरशीवर नीट बसते. गुळगुळीत टाइल्सवर अस्तर सरकत असेल तर पाठीवर चार-चार इंचांवर लॅटेक्सचे ठिपके द्यावेत. ओले असताना दुधासारखे पांढरे दिसतात. पारदर्शक झाले की वाळले. अख्खी पाठ माखायची नाही, हवा बंद होते. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या धरतात छान, पण टाइल्सवर काळे डाग सोडतात.

गाभाऱ्यासमोर ३ फूट फरशी उघडी ठेवा. समईची वात किंवा उदबत्तीची ठिणगी कापसात पडली तर ज्वाळ न होता आत धुमसत राहते, आणि वरून कळायला रात्र उलटते.

ज्यांना इतका उपद्व्याप नको त्यांना तालुक्याच्या गादी कारखान्यात रिबॉन्डेड फोम मिळतो; फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून चिकटवलेला. १० मिलिमीटर जाड, घनता (घनमीटरला किलो) १०० च्या आसपास. दाब पडून उठायला तो कापसापेक्षा सरसच. सोफ्याचा ३२ घनतेचा फोम मात्र घेऊ नका, तो पायाखाली चपटा होऊन पिवळा भुगा सोडतो.

(दृश्य : पट्ट्याच्या कोपऱ्यावर शाईने घातलेला ‘४’.)

प्रत्येक पट्ट्यावर नंबर घाला. दाराजवळचे पट्टे सगळ्यात आधी बसतात. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत त्यांची भिंतीकडच्यांशी अदलाबदल करायची आणि सगळे दिवसभर उन्हात टाकायचे. अंगठ्याने दाबल्यावर खालची फरशी लागायला लागली की तेवढाच पट्टा उसवून कापूस पुन्हा पिंजायचा, घट भरून पावणेदोन किलो करायचा. बारदाना तोच चालतो, फक्त दाभणीची जुनी भोकं वापरू नका; ओळ बोटभर सरकवून घ्या.