वरचे काही नॅनोमीटर

मल्टिमीटरची दोन टोकं काचेवर टेकवली, रोध दिसला. आता तीच काच उलटी केली. मीटर गप्प. डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, पण एका बाजूवर टिन ऑक्साइडचा थर आहे. जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

हा थर बनतो कसा, ते नीट पाहा. हॉटप्लेटवर काच तापतेय, साधारण 450 अंश सेल्सिअस. नळीत टिन क्लोराइडचं द्रावण, त्यात थोडं अमोनियम फ्लोराइड. कॉम्प्रेसरच्या हवेनं त्याचा बारीक फवारा होतो. पाणी उडून जातं, क्लोरीन आम्लाची वाफ होऊन निघून जातो, म्हणून हे काम फ्यूम हूडखालीच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचं. काचेवर उरतं टिन ऑक्साइड. सलग फवारलं तर काच थंड पडते. म्हणून थोडं फवारायचं, थांबायचं, पुन्हा फवारायचं. हात बसायला वेळ लागतो. काचेवर उमटणारे हे जांभळे, हिरवे रंग थराच्या जाडीचे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि राज्यातल्या इतरही प्रयोगशाळांत या पद्धतीवर काम झालं आहे. महागडी निर्वात यंत्रणा नसतानाही इथे उत्तम विज्ञान होतं, हे मुद्दाम सांगायला हवं.

फवाऱ्यातला फ्लोरीन थरातल्या ऑक्सिजनच्या जागी बसतो आणि एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो. त्यातून वीज वाहते. दृश्य प्रकाशाची ऊर्जा मात्र या पदार्थाच्या पट्टाअंतराला, म्हणजे बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या ऊर्जेला, पुरत नाही, म्हणून प्रकाश आरपार जातो.

1907 साली जर्मनीत कार्ल बेडेकर यांनी कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवला, तेव्हा असाच पारदर्शक आणि वाहक ऑक्साइड पहिल्यांदा हाती आला. पण अशा ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन कसे वागतात, हे कळायला शतक जावं लागलं. बहुतेक अर्धवाहकांच्या पृष्ठभागाजवळ इलेक्ट्रॉन विरळ होतात. इंडियम ऑक्साइड या अशाच पारदर्शक वाहकाच्या थरांत उलटंच दिसलं: वरच्या काही नॅनोमीटरमध्ये (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) त्यांची दाटी. 2008 मध्ये वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी ते दाखवलं. या ऑक्साइडचा वहनपट्टा, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी, इतका खाली असतो, की पृष्ठभागावरच्या पातळ्या आपले इलेक्ट्रॉन त्यात सोडून देतात.

फोनचा पडदा, सौरघट, दोन्हींत धातूशी किंवा दुसऱ्या थराशी गाठ पडते ती याच पृष्ठभागाची.

आता हा गॅस ओळखणारा छोटा सेन्सर. आत टिन ऑक्साइड, खाली हीटर. हवेतला ऑक्सिजन कणांच्या पृष्ठभागाला चिकटून इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, त्यामुळे रोध जास्त. लायटर न पेटवता फक्त गॅस सोडला. गॅस त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन परत मिळतात. आकडा पाहा, झरझर उतरतोय.

लायटर बाजूला घेतला. ऑक्सिजन पुन्हा चिकटू लागलाय, आकडा हळूहळू वर सरकतोय.