झोपडीबाहेरचं कुत्रं

[दृश्य: खरी कॉर्नर, सकाळची गडबड. दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली, रिक्षा, शाळेची पोरं.]

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं एक स्मारक आहे. कॅमेरा मानस्तंभ म्हणतात त्याला. शेजारून दिवसभर गाड्या जातात, मान वर करून बघणारा एखादाच. आज आमच्यासोबत माझी भाची आहे, दुसरीतली. तिनं बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्यो कुणाचा कॅमेरा?"

त्याचं उत्तर लांबलचक आहे. पण तिच्याच आणखी एका प्रश्नातून ही फिल्म सुरू झाली, तो आधी सांगतो.

[दृश्य: घराचा सोपा. टीव्हीचा निळा उजेड भाचीच्या तोंडावर.]

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत ती 'द लायन किंग' बघत होती. २०१९ सालचा, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या सिंहांचा. हिंदीत. मुफासाला, म्हणजे सिंहबापाला, शाहरुख खानचा आवाज, टिमॉनला आपल्या श्रेयस तळपदेचा. बाप मेला, छावा सिंबा त्याच्या अंगाला डोकं घासतोय, आणि ही मला विचारते, "मामा, ह्यो रडालाय का जांभई द्यालाय?"

मी हसलो. मग सीन परत लावून नीट बघितला. पोरगी बरोबर होती.

१९९४ च्या मूळ सिनेमातला सिंबा हातानं काढलेला होता. त्याला भुवया होत्या. कुठल्या सिंहाला भुवया असतात? चित्रकारानं दिल्या, कारण पोराला दुःख दाखवायचं तर भुवई लागते. नव्या सिनेमात आयाळीचा केस न् केस वाऱ्यावर हलतो, उन्हात धूळ चमकते, कातडीखाली स्नायू सरकताना दिसतात. भुवया मात्र गेल्या. खऱ्या सिंहाचा चेहरा खऱ्या सिंहासारखाच वागणार. त्यात रडणं कुठून आणायचं?

[दृश्य: जुन्या पडद्यांचे, पोस्टरचे तुकडे. रंगाचा डबा, ब्रश.]

आता तो कॅमेरा.

बाबूराव मेस्त्री, जन्म १८९०, कोल्हापूर. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून नाव पडलं पेंटर. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव सिनेमाच्या नादाला लागले. कॅमेरा विकत मिळेना, तर आपणच करायचा, असा हा नाद. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूराव मागे हटले नाहीत. घरचा कॅमेरा तयार झाला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. सिनेमाचे पोस्टरसुद्धा हा माणूस स्वतः रंगवायचा.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. एकदा केलेला सिनेमा नव्या तंत्रात पुन्हा करायचा, हा उद्योग डिस्नेच्या या नव्या 'लायन किंग'च्या फार आधी या गावानं करून बघितलाय. दोनदा. एकदा फसला, एकदा जमला.

फसला तो 'सैरंध्री'. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात काढली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल. त्यांनी १९३३ साली तीच द्रौपदीची कथा बोलपटात घेतली, आणि नुसती बोलती नव्हे, रंगीत. रंगाचं काम जर्मनीत झालं. खर्च झाला, वाट बघून झाली, आणि रंग आले ते मनासारखे नाहीत. लोकांनीही तो डोक्यावर घेतला नाही. द्रौपदीला रंग लागला म्हणून तिची विटंबना जास्त जिव्हारी लागत नाही, एवढं त्यातून कळलं असावं.

जमला तो 'सावकारी पाश'.

[दृश्य: उन्हाळ्यातलं रान. तापलेली काळी माती. दूर एक छप्पर.]

१९२५ सालचा मूकपट. नारायण हरी आपटे यांची कथा. सावकाराच्या कागदात जमीन जाते, शेतकरी शहरात गिरणीवर जातो. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. देवादिकांचे सिनेमे चालायच्या दिवसांत या माणसानं कर्ज आणि जप्ती पडद्यावर आणली. पुढं अकरा वर्षांनी, १९३६ साली, बाबूरावांनी तोच सिनेमा बोलपट म्हणून पुन्हा केला.

या दुसऱ्या सिनेमाबद्दल निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. मूकपट त्यांना अंधुक आठवत होता. बोलपटातलं एक दृश्य मात्र त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. लांबून दिसणारी एक उदास झोपडी. उजेड जेमतेम. कुणी बोलत नाही. फक्त एक कुत्रं रडतंय.

बास, एवढंच. संवाद नाही, गाणं नाही. आवाजाची सोय हाती आल्यावर बाबूरावांनी कुत्रं रडवलं. मूकपटात हे करताच आलं नसतं.

मला वाटतं, रिमेकला विचारायचा प्रश्न हाच. तुझं कुत्रं कुठं आहे?

[दृश्य: रंकाळ्याची संध्याकाळ. भेळेच्या गाड्या, बाकावर मोबाईल बघणारी पोरं.]

डिस्नेला विचारून बघू. 'स्नो व्हाइट', डिसेंबर १९३७. मजा अशी की हा चित्रांचा सिनेमा करताना त्यांनी आधी एका खऱ्या नर्तकीला चालायला, नाचायला लावून तिचं चित्रीकरण केलं होतं. मार्ज चॅम्पियन तिचं नाव. तिच्या हालचाली बघून चित्रकारांनी राजकन्या काढली. म्हणजे खऱ्या पोरीची चित्रातली पोरगी झाली, आणि २०२५ साली त्या चित्रातल्या पोरीची पुन्हा खरी पोरगी केली. उसाचा रस काढून परत ऊस करायला निघाल्यासारखं. जगभरात कमाई झाली सुमारे २० कोटी डॉलर. सिनेमा करायला त्याहून जास्त लागले होते.

पण दरवेळी असं होत नाही, म्हणून तर हे थांबत नाही. 'द लायन किंग'नं १६० कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. 'ब्युटी अँड द बीस्ट'नं १२० कोटींच्या वर, 'अलादीन'नं १०० कोटींच्या वर. आईबापांनी लहानपणी बघितलेलं आता पोरांना दाखवायचं, तिकिटं आपोआप चार होतात. यात फार गूढ काही नाही.

'जंगल बुक'ला मात्र मी सूट देतो. २०१६ चा. दिग्दर्शक नव्या 'लायन किंग'चाच, जॉन फॅव्हरो. त्यात पोरगा तेवढा खरा, बाकी अख्खं जंगल लॉस एंजेलिसमध्ये आत बसून केलेलं. पण हत्तींचा कळप येतो आणि बघीरा मोगलीला मान खाली घालायला लावतो, तिथं त्या प्राण्यांचं वजन अंगावर येतं. १९६७ च्या चित्रांच्या सिनेमात हत्तींची गंमतीशीर परेड होती. इथं दरारा आहे. हे कुत्रं मी मान्य करतो. हिंदीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, आणि नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी तोच आवाज ऐकलेली आमची पिढी थेटरात एकदम दहा वर्षांची झाली, तो भाग वेगळा.

आणि २०२५ चा 'लिलो अँड स्टिच'. त्यातला परग्रहावरचा निळा प्राणी, स्टिच, फार खरा करायच्या भानगडीत ते पडले नाहीत. मोठे कान, मोठं तोंड, चित्रातला होता तसाच ठेवला. सिनेमा १०० कोटी डॉलरच्या पुढं गेला.

[दृश्य: पुन्हा घराचा सोपा. रात्र. टीव्ही चालू.]

शूटिंग संपवून घरी आलो. भाचीला १९९४ चा 'लायन किंग' लावून दिला. मला माझं म्हणणं सिद्ध करून घ्यायचं होतं, खोटं कशाला बोला. तो सीन आला. तिनं पाय पोटाशी घेतले. काही विचारलं नाही. कळलं होतं तिला कोण रडतंय ते.

मी विचारलं, "मग? कुठला चांगला?"

"ह्यो," म्हणाली. मी खूश. मग थोडा वेळ थांबून, "पण मामा, सुरवातीचं आभाळ नव्यातलंच भारी हाय. सूर्य उगवतोय ते."

[दृश्य: पडदा काळा. हळूहळू उजाडत जाणारं आभाळ.]

२०१९ च्या त्या सिनेमात कॉम्प्युटरवर तयार केलेली १४९० दृश्यं आहेत. कॅमेऱ्यानं खरोखर टिपलेलं दृश्य एकच, आफ्रिकेत जाऊन घेतलेलं. कुणाच्या लक्षात येतंय का बघावं म्हणून दिग्दर्शकानं ते गुपचूप घातलं होतं. सगळ्यात पहिलं. सूर्योदयाचं.