हेब्रॉनच्या दोन सकाळी

मित्रहो, इस्रायल-पॅलेस्टाईनवर आपल्याकडे वाद सुरू झाला की थोड्याच वेळात तो एका वाक्यावर येऊन अडतो: ‘ती माणसंच तशी.’ कुणाच्या तोंडी ‘ती’ म्हणजे मुसलमान, कुणाच्या तोंडी ज्यू. आज माझं भांडण या वाक्याशी आहे. त्यासाठी मी तुम्हाला हेब्रॉनला नेणार आहे. हे इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या वेस्ट बँकमधलं पॅलेस्टिनी गाव. अरब त्याला अल-खलील म्हणतात. अब्राहमची, म्हणजेच इब्राहिमची कबर इथे आहे, असं ज्यू आणि मुसलमान दोघंही मानतात.

२४ ऑगस्ट १९२९, शनिवारची सकाळ. जेरुसलेममध्ये ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीवरून तंटा पेटलेला, ज्यू अल-अक्सा मशीद बळकावणार अशी अफवा सगळीकडे. हेब्रॉनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या ज्यूंच्या घरांत अरबांचा जमाव घुसला. ६७ जणांचे जीव गेले. त्यांत धर्मशास्त्र शिकायला आलेली तरुण पोरं होती. मारणाऱ्यांत ओळखीचे लोकही होते, आणि हे सांगताना शब्द मवाळ करू नयेत. ज्यू म्हणून माणसं वेचून मारणं म्हणजे काय, हे मुंबईने नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाऊसमध्ये पाहिलंय. ज्यूद्वेष ही कुठली तरी लांबची गोष्ट आहे, असं निदान आपण तरी म्हणू नये.

पण त्याच सकाळी, त्याच गल्ल्यांमध्ये काही अरब कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना घरात घेतलं, दारं लावली आणि जमावाला आत येऊ दिलं नाही. शेकडो ज्यू त्यामुळे वाचले. ‘ती माणसंच तशी’ म्हणणाऱ्याने या दारांचं काय करायचं?

दुसरी सकाळ २५ फेब्रुवारी १९९४ ची. रमझानचा शुक्रवार, पहाटेची नमाज. शेजारच्या किर्यात अर्बा या ज्यू वसाहतीतला बारूख गोल्डस्टाइन लष्करी गणवेशात अब्राहमच्या त्याच कबरीच्या जागी असलेल्या इब्राहिमी मशिदीत शिरला आणि सिजद्यात वाकलेल्या माणसांवर त्याने पाठीमागून गोळ्या झाडल्या. २९ जण ठार झाले. हा माणूस पेशाने डॉक्टर होता. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांनी संसदेत त्याचा अत्यंत कडक शब्दांत धिक्कार केला.

पुढे काय झालं ते मात्र नीट पाहा. संचारबंदी लागली ती पॅलेस्टिनींवर. हेब्रॉनमधून ज्यू वसाहतवाल्यांना हलवावं असा विचार सरकारात झाला, पण कुणालाही हलवलं नाही. मशीद ज्यूंचा आणि मुसलमानांचा अशा दोन भागांत वाटली गेली. शुहदा रस्ता हा गावातला मोठा बाजार. तो टप्प्याटप्प्याने पॅलेस्टिनींना बंद झाला, कित्येक दुकानांची दारं वेल्डिंग करून टाकली. शेजारच्या जुन्या बाजारात गल्लीवर लोखंडी जाळी ताणलेली आहे. वर राहणारे वसाहतवाले खाली कचरा, बाटल्या, दगड टाकतात, ते त्या जाळीत अडकून पडतात. एकाच गल्लीत भांडण झालं तर ज्यू माणसाला इस्रायलचा नागरी कायदा आणि पॅलेस्टिनीला लष्करी न्यायालय. म्हणून ‘दोन्हीकडे सारखंच’ असं म्हणून सुटकाही होत नाही. खून दोन्हीकडचा खूनच. सत्ता मात्र एकाच्याच हातात आहे.

गौरवाची हौस दोन्हीकडे आहे. गोल्डस्टाइनच्या कबरीवर लोक जाऊ लागले, तेव्हा तिथलं स्मारक १९९९ मध्ये लष्कराला पाडावं लागलं. त्याचा फोटो दिवाणखान्यात लावणारे इतमार बेन-ग्वीर २०२२ मध्ये इस्रायलचे राष्ट्रीय सुरक्षामंत्री झाले. तिकडे पॅलेस्टिनींकडे, १९७८ मध्ये इस्रायलमध्ये बस पळवून मुलाबाळांसह नागरिकांना मारणाऱ्या टोळीची म्होरकी दलाल मुघराबी. तिच्या नावाचा चौक वेस्ट बँकमधल्या अल-बिरे शहरात आहे. मला दोन्हींची सारखीच चीड येते.

मग ७ ऑक्टोबर २०२३. हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेलं. त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार, ६० हजारांहून अधिक जीव गेले, त्यांत हजारो लेकरं. पहिल्या आकड्याने दुसरा माफ होत नाही आणि दुसऱ्याने पहिला पुसला जात नाही. बेएरी या इस्रायली किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वस्तीत, त्या दिवशी मारल्या गेलेल्या विव्हियन सिल्व्हर या गाझातल्या रुग्णांना स्वतःच्या गाडीतून इस्रायली रुग्णालयांत नेत असत. त्यांना कुठल्या ‘तशा’ माणसांत धरणार?

पॅलेस्टिनी बसाम अरामीन हेब्रॉन परिसरात वाढले. सतराव्या वर्षी तुरुंगात गेले, सात वर्षं आत होते. तिथे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा एक चित्रपट पाहून ते हादरले, आणि पुढे इंग्लंडला जाऊन त्यांनी त्याच विषयाचा अभ्यास केला. २००७ मध्ये त्यांची १० वर्षांची मुलगी अबीर अनाता गावात शाळेबाहेर इस्रायली सीमा पोलिसाच्या रबरी गोळीने गेली. न्यायालयाने राज्याला जबाबदार धरलं, भरपाई द्यायला लावली. गोळी झाडणाऱ्यावर खटला कधीच उभा राहिला नाही. इस्रायली रामी एल्हानान यांची किशोरवयीन मुलगी स्मदार १९९७ मध्ये जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावर हमासच्या आत्मघाती हल्ल्यात गेली होती. हे दोन बाप ‘पेरेंट्स सर्कल’ या, आप्त गमावलेल्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबांच्या संघटनेतर्फे एकाच व्यासपीठावरून बोलतात. ही संघटना इस्रायली शाळांमध्ये मुलांशी असे संवाद घडवत असे. २०२३ मध्ये इस्रायलच्या शिक्षण मंत्रालयाने तिला शाळांमध्ये यायला मनाई केली.