ट्रक होणारा रोबोट: आधी मागनं बघा, मग पैसे द्या

[टेबलावर ट्रक, कॅमेऱ्याकडं पाठ करून]

नमस्कार मंडळी. ट्रक उलटा ठेवलाय तो मुद्दाम. डब्यावर ह्याचा फोटो पुढनं असतो. दुकानदार पण पुढनंच दाखवतो. व्हिडिओत तर विचारूच नका, रोबोट करून, पाय फाकवून, हातात बंदूक देऊन उभा करतात आणि वर म्युझिक. तुम्ही तसलं काय बघायचं नाही. दुकानात गेला की ट्रक करायला सांगायचा, आणि मागनं बघायचा.

[क्लोजअप]

काय दिसतंय इथं? पाय! रोबोटचे दोन पाय सरळ करून एकमेकाला चिकटवलेत आणि त्यालाच चाकं लावलीत. ह्या डिझाईनमध्ये ते असंच असतंय, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मधल्या फटीची आहे. हे माझं आधार कार्ड, प्लॅस्टिकचं. बघा, फटीत घालतो... गेलं. आरामात गेलं.

माझं म्हणणं एवढंच की रोबोट कुणालाही जमतोय, ट्रक जमवणं अवघड. रोबोटच्या अंगावर चार तुकडे इकडं तिकडं लोंबाय लागले तरी चिलखत म्हणून खपून जातात. खरा रोबोट कुणी बघितलाय? ट्रक मात्र सगळ्यांनी बघितलाय. निपाणीपासनं कित्तूरपर्यंत हायवेच्या कडेला वाढलेल्या पोराला तुम्ही वाकडा ट्रक देऊन फसवू शकत नाही.

मला ओळखत नसाल तर सांगतो, मी दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेत एका शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर असतो. शॉपचं नाव सांगत नाही, मालक व्हिडिओ बघतात. संध्याकाळी घरी आलो की हे उद्योग. हे खेळणं मी माझ्या पैशानं खडे बाजारातनं घेतलंय, साडेअकराशेला. डब्यावरचं नाव घेणार नाही, कारण असला लाल-निळा ट्रक वेगवेगळ्या नावांनी मिळतोय, आणि मी जे सांगणार आहे ते सगळ्यांनाच लागू पडतंय.

आता ट्रकचा रोबोट करूया. हळू करतो, बघा.

पहिल्यांदा मागचे पाय खाली ओढायचे. कट्... कट्... आवाज आला? हा रॅचेट. आत दातेरी चाक आहे, प्रत्येक दात एक घर. पायाला रॅचेट पाहिजेच, कारण सगळं वजन तिथं येतंय. इथं मार्क दिले. मग केबिनच्या बाजू उघडायच्या, त्यातनं हात बाहेर येतात. हा डावा आला. उजवा... उजव्याला जरा नख घालावं लागतंय. हे बघा, इथं प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उठलीय. दिसली काय? लाल रंगावर लगेच कळते. ती रेघ म्हणजे प्लॅस्टिक ताणलं जायला लागलंय. आज रेघ आहे, उद्या चीर, परवा तुकडा. खेळणं नवीन असतानाच अशी रेघ दिसली तर दुकानातच बदलून घ्या, घरी नेऊन "बघू" म्हणू नका.

पुढं छातीवर काचा. ट्रकची विंडशील्ड तीच रोबोटची छाती. ही आयडिया मला अजून आवडते, मर्दा! एवढी वर्षं झाली, पण केबिनची पुढची बाजू छाती करायची हे ज्याला सुचलं त्याला सलाम. शेवटी डोकं. हे झाकण उघडलं, वर आलं. झाला रोबोट.

उभा राहतोय. देखणा पण आहे. मान फिरते, कोपर वाकतो, कंबर फिरत नाही. बास, रोबोटचं एवढंच. रोबोटवर दहा मिनिटं बोलायला मला काय जमत नाही.

परत ट्रककडं. ती फट कुठनं आली हे सांगतो, कारण त्यातच सगळी मेख आहे.

[कागदावर आकृती काढत]

हे खेळणं एबीएस प्लॅस्टिकचं. गरम प्लॅस्टिक दाबानं साच्यात घालतात, गार झालं की ते आकसतं. एबीएस साधारण 0.4 ते 0.7 टक्के आकसतं. म्हणजे 100 मिलिमीटरचा तुकडा अर्ध्या मिलिमीटरनं बारका. साचा करणारा हे धरूनच साचा मोठा करतो, त्यात काय विशेष नाही. पण भिंत जाड तिथं आकसणं जास्त, पातळ तिथं कमी. आता बघा: कंबरेची पिन, तिला मांडी, मांडीला गुडघा, गुडघ्याला पाऊल. प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा. एकेकटा बघितला तर काहीच नाही, हाताला पण लागत नाही. पण साखळीच्या शेवटी सगळ्याची बेरीज होते, आणि साखळीचं शेवटचं टोक म्हणजे ट्रकची मागची बाजू. म्हणून मी म्हटलं मागनं बघा. पुढची केबिन घट्टच असणार, साखळी तिथनं सुरू होते.

ह्यावर उपाय नाही असं नाही. चांगलं डिझाईन करणारा शेवटी खुंटी आणि खाच देतो. एका पायाला खुंटी, दुसऱ्याला खाच, दाबलं की टक् करून बसलं. मधला सगळा प्ले तिथं ओढून घेतला जातो. ह्या ट्रकला ती खुंटी एकच आहे, गुडघ्यापाशी. पावलापाशी दुसरी दिली असती तर माझं आधार कार्ड बाहेरच राहिलं असतं. एक खुंटी, मंडळी. साचा करतानाच घातली असती तर पुढं एका नगामागं खर्च नावालासुद्धा वाढला नसता. असल्या कंजुषीचा मला राग येतोय.

आणि साचा हाच तर ह्या धंद्यातला मोठा खर्च. आपल्याकडं हे काम नवं नाही. हत्तरगीला एकस कंपनीच्या एसईझेडमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, विमानाचे पार्ट होतात हे तुम्हाला माहीत असेल. त्याच कंपनीनं कोप्पळ जिल्ह्यात भानापूरला खेळण्यांचं क्लस्टर, म्हणजे कारखान्यांची वसाहत केलीय. उद्यमबाग, मच्छे इकडं फाउंड्र्या आणि मशीन शॉप किती आहेत ते सांगायला नको. त्यामुळं कुणी "एवढा नेमका साचा आपल्याकडं कुठला जमतोय" म्हटलं की मी त्याला चहाला बोलावतो.

[जुन्या खेळण्याचं चित्र]

थोडा इतिहास, पटकन. हा ट्रक जन्मला जपानमध्ये. ताकारा कंपनीची डायाक्लोन नावाची खेळणी 1980 साली आली. त्यात रोबोट जिवंत नव्हता. ते यंत्र होतं आणि आत बसायला बारका ड्रायव्हर मिळायचा, त्याच्या पायात लोहचुंबक. 1983 ला त्यात हा ट्रक आला, नाव बॅटल कॉन्व्हॉय. अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं ही आणि ताकाराची आणखी खेळणी घेतली आणि 1984 ला ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकली. ट्रकचा झाला ऑप्टिमस प्राइम. ड्रायव्हर गेला, ट्रकच बोलायला लागला. त्या पहिल्या खेळण्याच्या मुठी सुट्या होत्या, रोबोट केला की वेगळ्या लावायच्या. म्हणजे हरवायच्या. आज कुठं जुना पीस विकायला दिसला तर पहिल्यांदा मुठी आहेत काय विचारा.

आता मला ह्यातली खरी आवडलेली गोष्ट. हा जुना ट्रक चपट्या तोंडाचा का? अमेरिकेत पूर्वी बऱ्याच राज्यांत हेड (पुढचा ओढणारा भाग) आणि ट्रेलर मिळून एकूण लांबी मोजायचे. मग मालक काय करणार? हेड बारकं करणार, इंजिनावरच केबिन बसवणार, म्हणजे ट्रेलर लांब मिळतोय. 1982 च्या कायद्यानं मोठ्या हायवेंवर ती एकूण लांबीची अट गेली आणि हळूहळू लांब नाकाचे ट्रक परत आले. 2007 च्या सिनेमात ऑप्टिमस झाला तो लांब नाकाचा पीटरबिल्ट 379. रुबाबदार आहे, नाही म्हणत नाही.

पण आपल्या हायवेला काय पळतंय? चपटं तोंड. टाटा घ्या, लेलँड घ्या. नाकवाल्या जुन्या टाटा-मर्सिडीज आता म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या गप्पांतच. त्यामुळं सिनेमातला ट्रक आमच्या पोरांना पाहुणा वाटतोय आणि 1984 चा घरचा. दुकानात दोन्ही असले तर बारक्या पोराला चपटाच घ्या. एक व्यवहाराचं कारण पण आहे: लांब नाकाचं बोनेट रोबोट करताना कुठंतरी दडवावं लागतंय, म्हणजे तुकडे जास्त, बिजागऱ्या जास्त, आणि स्वस्तातल्या मालात मोडायच्या जागा जास्त.

आता ट्रेलर.

[ट्रेलर लावत]

ह्याच्याबरोबर ट्रेलर आलाय, ही मोठी गोष्ट. खऱ्या ट्रेलरला खाली किंगपिन म्हणजे जाड खुंटी असते, हेडवर फिफ्थ व्हील म्हणजे खाचेची लोखंडी थाळी, त्यात ती अडकते. इथं ट्रेलरला खुंटी आणि पायांच्या मधे भोक. तीच ती फट! म्हणजे फट रुंदावली की ट्रेलरची खुंटी पण निसटणार. सरळ ओढला तर येतोय. वळवतो... वळवतो... निसटला. शहाबादी फरशीवर हे हाल, उंबरठा ओलांडायचा तर विषयच नको.

टेस्ट मी नाही केली, माझ्या भाच्यानं केली. सहा वर्षांचा आहे. त्याला रोबोट करून दिला, तो बघितला, "भारी आहे मामा" म्हणाला आणि परत ट्रक करून मागितला. मग ट्रेलरचं झाकण काढलं, खराट्याच्या काड्या मोडून आत रचल्या, वरनं सुतळी बांधली. म्हटलं काय रे हे? तर म्हणे ऊस. संकेश्वरला हिरण्यकेशी साखर कारखान्याला चाललाय. वाटेत सोफ्याखाली वजनकाटा होता, तिथं नंबर लागला म्हणून गाडी तासभर उभी. तेवढ्या वेळात मला ट्रकला हात लावायची परवानगी नव्हती. बंदूक अजून पिशवीतच आहे, फोडलेली पण नाही.

डब्यावर रोबोट करायच्या 21 स्टेप लिहून काय उपयोग? पोरगं खेळतंय ट्रकशी. मग ट्रक आधी धड पाहिजे.

चाकं प्लॅस्टिकची आहेत, रबराचे टायर नाहीत. गुळगुळीत फरशीवर घसरतात. ट्रेलर भरला की जास्तच. पुढच्या दोन चाकांची धातूची पिन बाहेर दिसते. आपल्या पावसात तिच्यावर गंज धरणार, गॅलरीत ठेवू नका.

दुरुस्तीचं सांगतो, कारण हे सगळ्यांना उपयोगी. सांधे तीन प्रकारचे: रॅचेट, पिन आणि गोळा-वाटी. गोळा-वाटी म्हणजे खांद्याचा सांधा, तो लूज झाला की हात लोंबतो. गोळा बाहेर काढा, त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात मारा, रात्रभर वाळू द्या, मग बसवा. जाडी वाढली की घट्ट. ओलं असताना बसवलं तर चिकटून बसेल, मग मला शिव्या देऊ नका. फेविक्विक नको, ते आत ओघळलं की सांधा संपला. आणि हे उद्यमबागवाल्या माझ्या दोस्तांना खास: टाइट सांध्यात मशीनचं ऑइल, थिनर, पेट्रोल काय घालू नका! लोखंडाची सवय आहे आपल्याला, पण प्लॅस्टिकला असल्या गोष्टींनी चिरा जातात. घालायचंच तर सिलिकॉन ग्रीस, तीळभर. पिनच्या सांध्याला मात्र घरी काय करता येत नाही, स्क्रू असेल तर तो आवळा, नसेल तर सोडून द्या.

विकत घेताना डब्यावर आयएसआय मार्क बघायचा. 1 जानेवारी 2021 पासनं खेळण्यांना तो बंधनकारक आहे. मार्कच्या वर आयएस नंबर असतो. बिनबॅटरीच्या खेळण्याला 9873, बॅटरी-लाइटवाल्याला 15644. खाली सीएम/एल म्हणून लायसन्स नंबर. तो बीआयएस केअर ॲपमध्ये (हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं ॲप) टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतंय. दुकानातच टाका, दुकानदार बघू दे बघितला तर. आणि घरात तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर बंदूक, सुट्या मुठी, हे सगळं आईच्या ताब्यात द्या. बारक्या वस्तू तोंडात जातात.

आता भाव. साडेअकराशेला हा महाग आहे. आठशेपर्यंत पाडता आला तर घ्या, ट्रेलरसाठी घ्या. फट बुजवायला मी आतल्या बाजूनं फोमची पट्टी चिकटवली, आता पाय धरून राहतात आणि ट्रेलर वळणावर पण टिकतोय.

[ट्रेलर लावून वळवत]

बघा. राहिला.

संग्रह करणाऱ्यांनी ह्याच्या नादाला लागू नये, त्यांना फट झोपू देणार नाही. शेल्फवर ठेवायचाच असेल तर पैसे साठवून ओरिजिनल घ्या, आणि तो पण दुकानात ट्रक करून, मागनं बघून.

पुढच्या वेळी क्रेन होणारा करायचा की जेसीबी होणारा, खाली लिहा. कन्नडमध्ये लिहिलात तरी चालतंय, मी वाचतोय. आणि खडे बाजारात आठशेला कुणाला मिळाला तर गल्ली सांगा, भाच्याला दुसरी गाडी पाहिजे म्हणे, सीझन सुरू आहे.