भूल घेण्याआधी सांगायची घरची हकिकत

मॅलिग्नंट हायपरथर्मिया हा स्नायूंचा आनुवंशिक विकार ज्यांच्या अंगात असतो, त्यांना एरवी बहुधा कसलाच त्रास नसतो. ते शेतात राबतात, खेळतात, धावतात. भुलेच्या ठरावीक औषधांशी गाठ पडेपर्यंत आपल्या स्नायूंत काही वेगळे आहे याचा त्यांना पत्ताही नसतो.

या विकाराची ओळख पटली ती मेलबर्नमध्ये. पाय मोडून रुग्णालयात आलेल्या २१ वर्षांच्या एका तरुणाला पायापेक्षा भुलेचीच धास्ती अधिक होती, कारण त्याच्या नात्यातली दहा माणसे ईथरची भूल दिल्यावर दगावली होती. म्हणून डॉक्टरांनी ईथर टाळून त्या काळी नवे असलेले हॅलोथेन वापरले. तरीही थोड्याच वेळात त्याचा रक्तदाब उतरला, नाडी धावू लागली आणि अंग तापले. भूल थांबवून, बर्फाने अंग थंड करून त्याला वाचवण्यात आले आणि डेनबरो व लव्हेल या डॉक्टरांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही हकिकत प्रसिद्ध केली. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की रोगाचा माग आधी त्या कुटुंबाला लागला होता आणि डॉक्टरांनी त्यांचे बोलणे घाबरटपणा म्हणून झटकून टाकले नाही.

आता स्नायूंत नेमके काय घडते ते पाहू. स्नायू आकसतो तो कॅल्शियममुळे. हे कॅल्शियम पेशीतल्या कोठारातून ज्या दारावाटे बाहेर येते, त्याची घडण मुख्यतः आरवायआर-१ या जनुकावर ठरते. जनुकात दोष असला, की हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन यांसारखे वायू किंवा सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारे औषध मिळताच ते दार उघडेच राहते. स्नायू ताठरतात, अफाट ऊर्जा जाळतात, प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड व उष्णता निर्माण करतात. नावात ताप असला, तरी तो बऱ्याचदा उशिरा येतो. त्याआधी उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो आणि जबडा घट्ट मिटतो. पुढे स्नायू फुटून पोटॅशियम रक्तात उतरते, लघवी काळपट होते आणि हृदय थांबू शकते.

यावर डॅन्ट्रोलीन हे औषध आहे. ते कोठारातून येणारे कॅल्शियम रोखते. त्याच्या वापरामुळे, एके काळी बहुतेक रुग्णांचा जीव घेणारा हा प्रसंग आज वेळीच ओळखला, तर बहुतेकांना वाचवता येते. मात्र जुन्या प्रकारच्या कुपीत २० मिलिग्रॅमच औषध असते आणि ते विरघळवायला ६० मिलिलिटर शुद्ध पाणी लागते. किलोमागे अडीच मिलिग्रॅम या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला पहिल्याच मात्रेसाठी आठ कुप्या फोडाव्या लागतात, म्हणजे एकाने रुग्ण सांभाळायचा आणि दोघा-तिघांनी कुप्या हलवत बसायचे. आपल्याकडे हे इंजेक्शन बराच काळ सहज मिळत नव्हते, त्यामुळे धोका आधी कळणे आपल्याला फार गरजेचे आहे.

तो कळतो विचारण्यातून. ‘काका टेबलावरच गेले’ असे आपल्या घरांत हळू आवाजात सांगितले जाते आणि विषय तिथेच मिटवला जातो. अशा प्रत्येक मृत्यूमागे हाच विकार असतो असे मुळीच नाही. पण भूलतज्ज्ञांच्या कानावर ते गेलेच पाहिजे. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडे दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. पूर्वी एकदा भूल सुखरूप पार पडली, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, कारण काहींना पहिल्या वेळी काहीच होत नाही आणि पुढच्या वेळी झटका येतो. संशय असल्यास जनुकीय तपासणी करता येते. मांडीच्या स्नायूचा ताजा तुकडा काढून कॅफीन आणि हॅलोथेनने तो किती आकसतो हे पाहण्याची चाचणी अधिक भरवशाची आहे, पण ती मोजक्याच केंद्रांत होते.

दोष आढळला तरी शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण नाही. आधी कल्पना असेल, तर भूलतज्ज्ञ यंत्रातले जुने वायू प्राणवायूने धुऊन काढतात आणि प्रोपोफॉलसारखी शिरेतून द्यायची औषधे वापरतात. पाठीच्या कण्यातली भूल आणि दाताच्या डॉक्टरांचे बधिरीकरणाचे इंजेक्शनही अशा माणसांना चालते.