बिळाच्या दारात पिसं कोणी खोचली?

हे बघा, देवराईच्या कडेला अंजनीच्या झाडाखाली मातीत एवढंसं भोक आहे आणि त्याच्याभोवती चक्क पिसं खोचलीयेत. एक सातभाईचं असावं, बाकी सुक्या काड्या, मेलेल्या मुंग्यांची टरफलं. मला आधी वाटलं गुरं राखणाऱ्या पोरांचे उद्योग, म्हणून एक पीस काढून लांब ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत ते परत दारात!

ही डायकामा मुंगी. सेंटिमीटरभर लांब, काळी, अंगावर बोटाच्या ठशासारख्या रेषा, गावात हिला सरसकट मुंगळाच म्हणतात.

आता सकाळचे साडेसहा वाजलेत, माघातली थंडी आहे, कॅमेरा जवळ नेतो. पिसाच्या केसाकेसावर दंव बसलंय, टाचणीच्या डोक्याएवढे थेंब, आणि ही आली, मान वर केली, थेंब अलगद जबड्यात धरला आणि तसाच घेऊन आत. म्हणजे ज्याला आपण कचरा समजत होतो तो यांचा पाणवठा आहे राव! भारतातल्या डायकामाची ही युक्ती मुंग्यांचे अभ्यासक मार्क मॉफेट यांनी १९८५ साली लिहून ठेवलीये. ऊन चढलं की सगळं सुकतं, त्यामुळे यांची पाणी भरायची वेळ आपल्या नळासारखीच, तेवढीच.

आणि एक, या घरात राणीच नाही. कोशातून नवी मुंगी बाहेर आली की तिच्या पाठीवर पंखांच्या जागी दोन बारीक गुंड्या असतात, अंडी घालणारी मुंगी त्या कुरतडून टाकते, मग ती नवी जन्मभर कामकरीच. ऐकायला क्रूर वाटतं, पण चालतं त्यांचं.

हा पुढचा शॉट आषाढातला, बिळात पाणी शिरलं त्या दिवशीचा. घर बदलायचं होतं, पण इतर मुंग्यांसारखी रांग नाहीच, वाट माहीत असलेली एक पुढे आणि मागची तिला मिशांनी सारखी टोचत, अशी एकेक जोडी चालली होती. इथे बघा, मध्ये पाचोळा आला आणि मागचीचा हात सुटला, म्हणजे मिशी सुटली. पुढची थांबली. पानावर पाऊस टपटपतोय, ती तिथेच उभी, मागची इकडेतिकडे फिरतेय, फिरतेय... हां, लागली मिशी. निघाल्या.